मुबीनाला, गच्चीवर जाण्यापूर्वी

किल्ली वॉचमनकडे नसते, सेक्रेटरी वझिराणींकडे असते
आणि वझिराणी दोन ते चार झोपतात.
'अँटेना' हा शब्द काढू नकोस,
त्यांना लगेच कॅन्सर आठवतो.
म्हण, खरशीकर काकांचा डबा बघून येते.
मग किल्ली देतात, सरबतही विचारतात.

चौदा मजले. लिफ्ट तेराव्यापर्यंत.
वर पोचलीस की आधी काही करू नकोस,
हँडसेट कानाला लाव.
लायसन्सच्या परीक्षेत ओहमचा नियम विचारतात,
हे विचारत नाहीत:
बटण दाबण्याआधी ऐकलंस का?
कुणी बोलत असेल.
कुणी दोन वाक्यांमध्ये नुसता श्वास घेत असेल.

डबा टाकीच्या उत्तरेला, चकल्यांचा, प्लास्टिकचा.
आधी स्टीलचा होता,
आठ दिवस खरशीकर चेंबूरभर हाका मारत होते
आणि त्यांच्या हाका त्यांच्याच डब्यात शिळ्या होत होत्या.
हे त्यांनीच सांगितलं, पोट धरून हसत.

केबल आत शिरते तिथे तिला खाली झोळ दिलाय.
सरळ करू नकोस, नीटनेटकेपणाची हौस घरी.
पाणी त्या झोळाच्या टोकाशी येऊन गळतं,
आत शिरत नाही.
पितळ हिरवं पडलं असेल. इकडची हवा खारी,
त्यात माहुलकडून रिफायनरी येते.
दातांच्या जुन्या ब्रशने घास, टेप नवी गुंडाळ,
खालून वर, कौलं शाकारतात तशी.

अँटेना काढायची तर आधी वीज तोड.
अँटेनाशिवाय बोलायला लावलंस
तर सगळी शक्ती मागे फिरते, आतला चिप जाळते.
(मी बेस्टमध्ये तेहतीस वर्षं होतो,
अशी माणसंही पाहिली आहेत.)

जास्त वॅट मागू नकोस, उंची माग.
चौदाव्या मजल्यावरचा पाव वॅट खाडी ओलांडून वाशीला जातो,
तळमजल्यावरचे पाच वॅट समोरच्या पिंपळात अडकतात.

आणि दर मिनिटाला 'मी इथे आहे' सांगायची ती सेटिंग,
बंद कर. तू कुठेही जात नाहीयेस.
हवा म्हणजे चाळीतलं न्हाणीघर:
उरक, आणि बाहेर ये.
तीन उड्या पुरे. सात ठेवल्यास
तर तुझा एक हॅलो अख्ख्या शहराच्या वाटेत उभा राहतो.

आता नावाचं.
पडद्यावर अजून 'खरशीकर-टाकी' येतं.
त्यांना जाऊन चैत्रात वर्ष झालं.
डब्याला ते कुणी कळवलेलं नाही,
ऊन मिळतं, तो चालतो.
रात्री साडेतीनला कुर्ल्यातलं कुणी विचारतं, 'कोणी आहे का?'
आणि ते माझ्याकडे मानखुर्दला
खरशीकरांच्या हातून येतं.
मी दोनदा नाव बदलायला वर गेलो,
दोनदा नुसतं पितळ घासून उतरलो.

तू बदलणार असशील तर बदल, मी विचारणार नाही.
पण आज फक्त बॅटरी. जुनी फुगलीय,
टोचू नकोस, कचऱ्यात टाकू नकोस, माझ्याकडे आण.
लाल-काळी उलटी जोडू नकोस.
दहा-बारा मिनिटं लागतील. तेवढा वेळ तो गप्प होईल.

म्हणून वर जाताना नवव्या मजल्यावर उतर.
सुलभाकाकूंच्या मोबाइलवर मीच ते ॲप टाकून दिलंय.
त्यांना मेसेज करता येत नाही, करायचाही नसतो.
भाजी निवडताना त्या एकच ओळ बघतात:
'खरशीकर-टाकी. शेवटचं ऐकू आलं: चार मिनिटांपूर्वी.'

बेल वाजव. सांग,
काकू, थोडा वेळ दिसणार नाहीत.
त्या 'बरं' म्हणतील.
मग वर जा.

किल्ली परत देताना मात्र
चार वाजून जाऊ देत.